वर्गातले तास मोजता, मुलांजवळचे तासही मोजा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्वमग्न मुलांच्या आईवडिलांना उपचारासाठी नाशिक-सुरतेच्या खेपा घालाव्या लागतात, यावर आपल्या अंकात अधूनमधून लिहून येते. खान्देशात प्रशिक्षित माणसे नाहीत, यावर तो मजकूर संपतो. अशी माणसे ज्या वर्गातून तयार व्हायची त्या वर्गावर मी शिकवते, म्हणून पुढचे सांगणे माझ्याकडे येते.

एम.ए. मानसशास्त्राच्या मुलांना मी उपयोजित वर्तन विश्लेषण (इंग्रजीत ‘अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस’, म्हणजेच एबीए) शिकवते, तासिका तत्त्वावर. सकाळी विशेष शाळेत काम करते, दुपारी महाविद्यालयात जाते. राहायला अमळनेरला, त्यामुळे भुसावळ-सुरत मार्गावरच्या गाड्यांच्या वेळा पाठ आहेत, कधी जळगावकडे, कधी नंदुरबारकडे. अर्धवेळ असण्याबद्दल माझी तक्रार नाही. हा विषय मुलांमध्ये रोज वावरणाऱ्या माणसानेच शिकवावा असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेतही या विषयाच्या पदव्युत्तर वर्गांवर क्लिनिकमध्ये काम करणारे अर्धवेळ शिक्षक सर्रास असतात. तक्रार एवढीच, की माझ्या कामातला जो भाग विद्यार्थ्याला खरा उपयोगी पडतो, तो कुठल्याच कागदावर येत नाही.

विषय काय आहे ते थोडक्यात सांगते. १९६८ साली बेअर, वुल्फ आणि रिस्ली या तिघांनी या शाखेच्या नव्या नियतकालिकाच्या पहिल्याच वर्षी तिच्या कसोट्या मांडल्या. जे वर्तन बदलायचे ते त्या माणसाच्या जगण्यात महत्त्वाचे असले पाहिजे, ते पाहता-मोजता आले पाहिजे, आणि बदल आपण केलेल्या उपायानेच झाला हे दाखवता आले पाहिजे. फळ्यावर लिहून द्यायला हे एका तासात होते. परीक्षेत मुले ते बिनचूक लिहितातही.

मुलाजवळ बसल्यावर मात्र वेगळे घडते. माझ्या एका विद्यार्थिनीने विशेष शाळेतल्या आठ वर्षांच्या मुलाबद्दल नोंदवहीत पहिल्या दिवशी लिहिले होते, ‘हट्टी आहे, मनगट चावतो.’ मी ‘हट्टी’ हा शब्द खोडायला लावला. हट्ट कोणाला दिसत नाही. मनगट दाताखाली जाते ते दिसते. मग वहीच्या पानावर तीन रकाने आखले : आधी काय झाले, त्याने काय केले, नंतर काय झाले. आठवडाभर ती फक्त लिहीत राहिली. दुसऱ्या विद्यार्थ्याला मी त्याच वेळी स्वतंत्र नोंद करायला बसवले. दोघांचे आकडे काही केल्या जुळेनात, कारण एकाने ओठ टेकले तरी मोजले आणि दुसरीने दात रुतले तरच. दोन निरीक्षकांच्या नोंदी साधारण ८० टक्के तरी जुळल्याशिवाय त्यांच्यावर भिस्त ठेवायची नसते. म्हणून आधी ‘चावणे’ कशाला म्हणायचे ते दोघांनी मिळून ठरवले, मग पुन्हा मोजले.

तेव्हा कुठे रकाने बोलू लागले. पेन्सिल हातात दिली की मनगट तोंडात जायचे. तसे झाले की वर्गातली ताई घाबरून वही उचलायची आणि त्याला जवळ घ्यायची. ताईचे चुकत नव्हते, कोणीही तेच करील. पण त्या मुलापुरता हिशेब साधा होता : चावले की लिहिणे थांबते. आम्ही त्याच्या बाकाच्या कोपऱ्यावर एक पिवळे कार्ड चिकटवले. कार्डाला हात लावला की लिहिणे थोडा वेळ बंद. सुरुवातीला विद्यार्थिनी त्याचा हात धरून कार्डाकडे न्यायची, पुढे नुसती खूण करायची, नंतर तेही लागेना. मग थांबण्याआधी एक अक्षर, दोन अक्षरे, एक ओळ असे वाढवत नेले. त्रासदायक वर्तनातून मूल जे मागते, तेच मागायचा सोपा मार्ग त्याला शिकवावा, हे कार आणि ड्युरँड या संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवून दिले आहे. घरी आई अहिराणी बोलते, म्हणून कार्ड दाखवताना काय म्हणायचे तेही तिच्याच बोलीत ठरवले. मनगटावरचे घट्टे अजून आहेत, पण नवी जखम नाही.

या सगळ्यात मी त्या विद्यार्थिनीच्या शेजारी बसलेली होते. तिथेच ती विषय शिकली. पण महिन्याच्या देयकाच्या नमुन्यात रकाना एकच, ‘व्याख्यान’. हे तास कुठे लिहू असे विचारले तेव्हा कार्यालयातून उत्तर आले, ‘मॅडम, ते तुम्ही तुमच्या आवडीने करता.’ आवड आहेच. पण आवडीवर अभ्यासक्रम चालत नाही. माझ्या जागी उद्या जी व्यक्ती येईल, तिने हे का करावे? नेमणूक सत्र सुरू झाल्यावर हातात पडते, सत्र संपले की संपते, आणि मानधन यायला कधी कधी पुढचे सत्र उजाडते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार रुपये असा दर सांगितला. आपल्याकडचा तासिकेचा दर त्याहून कमी आहे. तरी आज मी दराचे भांडण मांडत नाही. कोणते तास मोजायचे, एवढेच मांडते.

याची निकड आत्ताच का, तेही सांगितले पाहिजे. वर्तन विश्लेषकाचे प्रमाणपत्र देणारे अमेरिकेतले मंडळ पदव्युत्तर अभ्यासक्रमाबरोबर देखरेखीखालचे २००० तासांचे प्रत्यक्ष काम मागते, फार सघन देखरेख असेल तर १५००. आपल्याकडे ४ श्रेयांकांचा लेखी विषय म्हणजे ६० तास, आणि तेही वर्गात. पूर्वी आपली काही हुशार मुले खर्च करून ते परदेशी प्रमाणपत्र मिळवत. १ जानेवारी २०२३ पासून मंडळाने मोजके देश वगळून बाकीच्यांचे नवे अर्ज घेणे थांबवले आणि भारतासाठी ती वाट बंद झाली. दुसरीकडे आपल्या संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी जो कायदा केला, त्याच्या अनुसूचीत ‘बिहेविअरल अ‍ॅनालिस्ट’ हा व्यवसाय नावानिशी आहे. अपंगांसाठी काम करणाऱ्या व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या यादीत तो नव्हता. म्हणजे कायद्याने व्यवसायाला नाव दिले, बाहेरचा दरवाजा मिटला, आता ही माणसे घडवायची ती आपल्याच विद्यापीठांनी.

ती घडवली नाहीत तर जागा रिकामी राहत नाही. पाट्या लागतात. आमच्याच भागात ‘एबीए थेरपी’ अशी पाटी लावून, आठवड्याला ४० तास करा, मूल नॉर्मल होईल, असे पालकांना सांगितले जाते. हे ४० तास अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासातले आहेत. त्यात १९ मुलांना तशी गहन शिकवणी दिली होती आणि त्यांतली ९ मुले इतर मुलांसारखीच झाली, असा मोठा दावा केला गेला. त्या अभ्यासावर पुढे किती आक्षेप आले, त्या काळी मुलांना शिक्षाही केली जायची, हे पाटीवाले सांगत नाहीत. स्वतः स्वमग्न असलेली प्रौढ माणसे आज सांगतात, की डोळ्यांत बघायची सक्ती आणि स्वतःशीच हात हलवत राहण्यावरची बंदी यांनी आमचे नुकसान केले. त्यांचे म्हणणे मी वर्गात पूर्ण एक तास देऊन शिकवते, त्यावर प्रश्न येत नसला तरी. हात हलवल्याने कोणाला इजा होत नसेल, तर ते थांबवायचे कशासाठी? हा प्रश्न विद्यार्थ्याला मुलासमोर बसून पडला पाहिजे, आणि तेव्हा जवळ कोणीतरी जाणते हवे.

पैसा कुठून आणायचा, असे विचारले जाईल. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एम.ए.च्या पहिल्याच वर्षात कार्यप्रशिक्षणाला ४ श्रेयांक आहेत, प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने १२० तास. आज आमची बरीच मुले ते तास पतसंस्थेत नाही तर ओळखीच्या ऑफिसात काढून प्रमाणपत्र आणतात. मानसशास्त्राच्या मुलांना त्यासाठी विशेष शाळेत, समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांबरोबर किंवा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत मुले तपासतात. विकासात मागे पडलेले मूल सापडते, पण सापडल्यावर त्याच्याजवळ रोज बसणारा माणूस नसतो. आमचे विद्यार्थी बसतील. प्रत्येक विद्यार्थ्यामागे महिन्याला निदान दोन तास त्याच्या शेजारी बसून देखरेख करणे शिक्षकावर बंधनकारक करावे आणि ते तास व्याख्यानाच्याच दराने मोजावेत. हा खर्च बसवायला वर्गातले काही तास कमी केले तरी चालतील.

नंदुरबारकडे हे आणखी गरजेचे आहे. अक्राणी-अक्कलकुव्यातली कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, मूलही बरोबर जाते. महिनोन् महिने चालणारी कोणतीही थेरपी तिथे टिकत नाही. पण माझ्या वर्गात धडगावची, म्हणजे अक्राणीतलीच, एक मुलगी आहे, तिथली पावरी बोली बोलणारी. कुटुंब निघण्याआधी आईजवळ बसून एकच गोष्ट, भूक लागली की मुलाने ओरडण्याऐवजी ताटलीला हात लावायचा, एवढी तिने पक्की करून घेतली. असे काम बाहेरून आलेल्या तज्ज्ञाच्या हातून होणार नाही. भाषा येत नाही, विश्वासही बसत नाही.

अभ्यास मंडळाच्या सदस्यांनी आणि प्राचार्यांनी यावर निर्णय घ्यावा ही विनंती. मुलांची नावे झाकून आणि पालकांची संमती घेऊन, माझ्या विद्यार्थ्यांच्या नोंदवह्या त्यांच्यापुढे ठेवायला मी केव्हाही येईन. गाडीच्या वेळेचे मी बघून घेईन.

आपली नम्र,
एक तासिका प्राध्यापिका,
अमळनेर, जि. जळगाव