लाटणाऱ्या हातांचाही विचार व्हावा

संपादक महोदय,

नाशिकच्या २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीच्या बातम्या सध्या सतत वाचायला मिळतात. घाट, रस्ते, साधुग्राम, पाणी, सगळ्यांवर चर्चा झडते. तपोवनात आणि त्र्यंबकेश्वरी अन्नछत्रं चालतील, तिथे पोळ्या लाटून लाटून ज्यांची मनगटं जातील त्यांच्याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

मी इंदिरानगरला पोळी-भाजी केंद्र चालवते. माझ्याकडे येणाऱ्या बायका आधी कुठल्या ना कुठल्या खानावळीत राबलेल्या असतात. त्यातली एक रात्री झोपेतून उठून हात झटकत बसायची. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर, करंगळी मात्र ठणठणीत. सकाळी कपबशी हातातून सुटायची. आधीचा मालक म्हणे, वात आहे, तेल चोळ. डॉक्टरांनी निदान केलं कार्पल टनेल सिंड्रोमचं. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटं हलवणाऱ्या दोरीसारख्या कंडरा आणि एक नस जाते. सतत जोर लावून कंडरांची आवरणं सुजली की नस चेपते. करंगळीची नस त्या बोगद्यातून जात नाही, म्हणून ती वाचते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यावसायिक आजारांच्या २०१० च्या यादीत हा आजार नावानिशी आहे. आपल्याकडे अजून 'बायकांचे हात दुखायचेच' यावर विषय संपतो.

उपाय फार खर्चाचे नाहीत. खरी गोम ओट्याच्या उंचीत आहे. गवंडी सरसकट एकाच मापाचा ओटा घालतो. कणीक मळताना, लाटताना वरून दाब द्यायचा असतो, त्यासाठी ओटा कोपरापेक्षा चार-सहा इंच खाली हवा. बुटक्या बाईला तो उंच पडला की खांदे वर चढतात आणि मनगट मागे मोडून जोर लावावा लागतो. आम्ही सुताराकडून पायाखाली घ्यायला रुंद, न डगमगणारे पाट करून घेतले. कणीक जरा सैल मळून अर्धा तास झाकून ठेवतो, मग लाटण्यावर तेवढा भार द्यावा लागत नाही. आणि लाटणारी तासाभराने भाजायला जाते, भाजणारी डबे भरायला. 'जिचा हात बसलाय तिलाच लाटू द्या, काम उरकतं,' असं इतर केंद्रचालक मला ऐकवतात. उरकतं खरं, पण तो हात बसला तो कायमचाच बसला तर?

मिसळवाल्यांनीही रविवारची गर्दी सुरू होण्याआधी कांदा चिरायच्या सुऱ्यांना धार लावून घ्यावी. बोथट सुरीला दुप्पट दाबावं लागतं.

महापालिकेला आणि मेळा प्रशासनाला विनंती एवढीच, की सिंहस्थातल्या भोजन व्यवस्थेचे ठेके देताना अटींमध्ये कमी-जास्त उंचीची टेबलं, कणीक मळायचं यंत्र आणि काम पालटता येईल इतकी माणसं हे लिहून घ्यावं. अन्नछत्रांना देणगी देणाऱ्या मंडळींनी तुपाच्या डब्यांऐवजी असं एखादं यंत्र दिलं, तरी पुण्य कमी पडणार नाही.

– एक पोळी-भाजी केंद्रचालक, इंदिरानगर, नाशिक