ओटीपीचा साप

मा. संपादक,

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या तिसरीतल्या एका मुलाने वडिलांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी फोनवरच्या ‘बँकेतल्या काकां’ना वाचून दाखवला. कांदा विकून आलेल्या पट्टीचे पैसे गेले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार दुसऱ्या दिवशी झाली, तोवर खातं रिकामं होतं. आकडे न चुकता वाचायला त्याला मीच शिकवलं होतं, हे मनातून जात नाही. आणि ‘ओटीपी कोणाला सांगायचा नाही’ हे परिपाठात सगळ्यांकडून म्हणवूनही घेतलं होतं. त्यानेही म्हटलं होतं.

म्हणून शाळा सुरू झाल्यावर व्हरांड्यात खडूने मोठी सापशिडी आखली. सोंगट्या नाहीत, मुलंच घरात उभी राहतात. सापाच्या तोंडाशी कोणी आलं की मी मोबाइल कानाला लावते, ‘‘बाळा, पप्पांनीच सांगितलंय, मेसेजमधले आकडे वाच बघू.’’ वाचले की शेपटीपर्यंत खाली. ‘आईला बोलावतो’ म्हणून फोन ठेवला तर साप चावत नाही. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग घसरला. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, ‘‘बाई, पण तुम्ही किती गोड बोललात!’’ वाईट माणूस दरडावून बोलतो, अशीच तिची समजूत होती. ती समजूत कुठल्याही सूचनाफलकाने गेली नसती. आता मी कितीही गोड बोलले तरी बहुतेक मुलं फोन ठेवतात.

गूगलचा ‘इंटरलँड’ हा फुकट खेळ 2017 पासून आहे. पासवर्ड, फसवे मेसेज, कोणाला काय पाठवावं हे त्यात मुलं खेळता खेळता शिकतात. मात्र त्याला इंटरनेट लागतं, आणि आमच्याकडे रेंज गेली की टॅब बाजूला ठेवावा लागतो.

2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घेण्याची अट आहे. चांगलीच आहे. पण आमच्या घरांत फोन वडिलांचा, खातंही वडिलांचं. समोर आठ वर्षांचं पोर बसलंय हे ॲपला कळणार कसं?

बालभारती आणि एससीईआरटीला (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेला) कळकळीची विनंती आहे : तिसरी-चौथीच्या पुस्तकात असा एखादा खेळ द्या, जो इंटरनेटशिवाय, फरशीवर, खडूने खेळता येईल. त्यातली वाक्यं मात्र मुलांच्या कानावर फोनवरून खरोखर पडतात तीच असू द्यात.

— एक जि. प. शिक्षिका, वडूज (जि. सातारा)