पोरं तिकडे येताहेत म्हणून

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत पोरं तिकडे येताहेत. फोनवर बोलायला जावं तर दोघंही कान टवकारून असतात, म्हणून हे पत्र.

घटस्फोटाचा अर्ज आम्ही दोघांच्या संमतीनं केलाय. एक तारीख झाली, दुसरी साधारण 6 महिन्यांनी. पोरं माझ्याकडे राहतील आणि त्यांचे बाबा दर रविवारी भेटतील, हे आम्ही दोघांनी सोबत बसून त्यांना सांगितलंय. तुम्हीही तेवढंच सांगा. ‘बाबा येतील परत’ असं मात्र लाडानंसुद्धा म्हणू नका; लहानी तेवढ्यावरच वाट पाहत बसेल.

परवा तिनं विचारलं, “मी अभ्यास नाही केला म्हणून बाबा गेले का?” सात वर्षांच्या लेकराला सगळं आपल्यामुळेच झालं असं वाटतं. ती जितक्यांदा विचारेल तितक्यांदा सांगा, ‘तुझं काही चुकलं नाही.’ आई, हल्ली ती रात्री अंथरूण ओलं करते. रागावू नको, चारचौघांत बोलू नको. दृष्ट काढावीशी वाटली तर खुशाल काढ.

मोठा चौदाचा. तो काही विचारत नाही, दार लावून बसतो, नाहीतर खेकसतो. बाबा, त्याला समोर बसवून खोदून विचारू नका. कापूस वेचायला न्या, रात्रीची लाईन असली तर ओलिताला न्या. धुऱ्यानं चालता चालता बोलला, तर नुसतं ऐका. ‘आता घरातला कर्ता तूच’ असं इथं एका नातेवाइकानं त्याला ऐकवलं, त्या रात्री तो जेवला नाही.

जावयावरचा तुमचा राग मला कळतो. पण पोरांचा तो बाप आहे, त्यांच्यासमोर त्याला नावं ठेवू नका. त्याचा फोन आला की द्या. आमचे निरोप पोरांच्या तोंडून धाडायचे नाहीत. ओट्यावर बाया विचारतीलच, “माय काहून नाही आली?” तिथं आई, तू उत्तर दे, पोरांना देऊ देऊ नको.

जेवण-झोप उडाली, किंवा कुणी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं, तर बुवाकडे नेऊ नका, उद्यावरही टाकू नका. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीचा नंबर रात्रंदिवस फुकट चालतो. यवतमाळच्या सरकारी मेडिकलमध्येही मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. आणि मला कितीही वाजता उठवा, मी मिळेल त्या गाडीनं निघते.

तुमची लेक