शॉर्टस्टॉप कसा पाहावा हे शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काकांस,
सा. न. वि. वि.

न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरच्या बेसबॉल मैदानावर होम प्लेटमागे (फलंदाज उभा राहतो त्या जागेमागे) बसून मायनर लीगमधला, म्हणजे मेजर लीगखालच्या पायऱ्यांवरचा, इनफिल्डर (बेसजवळचा क्षेत्ररक्षक) कसा जोखावा हे आपण मला शिकवलेत, त्याबद्दल हे जाहीर आभार. क्रिकेटवर पोसलेल्या माझ्या नजरेला चेंडू अडला की क्षेत्ररक्षण संपले असे वाटे. आपण मात्र फटका बसताच शॉर्टस्टॉपचे (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाचे) पहिले पाऊल कोणत्या दिशेला पडते आणि ग्लोव्हमधला चेंडू फेकीच्या हातात किती चटकन येतो, तिकडे माझे लक्ष वळवलेत. ज्याचा पल्ला मोठा तो इतरांना न गाठता येणाऱ्या चेंडूंपर्यंत पोहोचतो आणि म्हणूनच कधीकधी त्याच्या नावावर चुका जास्त लागतात, हे धावफलक वाचून मला कधीच उमगले नसते.

२०२२मध्ये न्यू यॉर्क यांकीजच्या डबल-ए (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालच्या) संघाकडून, म्हणजे आपल्या सॉमरसेट पॅट्रियट्सकडून, खेळणारा अँथनी व्होल्पी हा या शिकवणीचा खरा धडा होता. २०१९च्या ड्राफ्टमधील (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील) पहिल्या फेरीत निवडलेल्या या मुलाची फेक शॉर्टस्टॉपला पुरेल का, की त्याला पुढे फेकीचे अंतर कमी असलेल्या सेकंड बेसला हलवावे लागेल, अशी शंका जाणकार घेत असत. फेकीचा जोर कमी असला तरी पाय लवकर जुळवून आणि चेंडू झटकन सोडून ती उणीव बरीचशी भरून काढता येते, असे आपले म्हणणे होते. खेळाडू जोखण्याच्या २० ते ८०च्या मापात ५० म्हणजे मेजर लीगमधली सरासरी. प्रत्येक कौशल्यासाठी ‘आज’ आणि ‘पुढे’ असे दोन रकाने आपण मला आखायला लावलेत, आणि पारख खरी कसाला लागते ती या दोन आकड्यांमधल्या अंतरात, असे मला वाटते.

व्होल्पीने २०२३मध्ये मेजर लीगमधल्या पहिल्याच हंगामात गोल्ड ग्लोव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळवला, २१ होम रन मारले, पण फलंदाजीची सरासरी अवघी .२०९ (शंभरात सुमारे एकवीस यशस्वी फटके) राहिली. (पुरस्कार हा अंतिम निवाडा नव्हे, हेही आपलेच सांगणे.) ग्लोव्हच्या रकान्यात आपण दाखवलेला विश्वास सार्थ ठरला, बॅटच्या रकान्यातला ‘पुढे’चा आकडा मात्र मी अजून पेन्सिलीनेच लिहितो.

आता आपण टेक्ससला मुलीकडे राहता, तर तिथल्या फ्रिस्को रफरायडर्स या डबल-ए संघाचा सामना पाहिल्यावर तिथल्या शॉर्टस्टॉपचे दोन्ही रकाने मला अवश्य कळवावेत.

आपला नम्र,
शेजारच्या खुर्चीवरचा विद्यार्थी