बाळ नागपूरपर्यंत सुखरूप पोचवणाऱ्यांचे आभार

गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याहून जन्मतःच अन्ननलिका पोटाशी जुळलेली नसलेली बाळं ऑपरेशनसाठी नागपूरला येतात. त्यांना सांभाळून आणणाऱ्या, नावानं न भेटलेल्या सिस्टर, १०८ चे डॉक्टर आणि चालक यांचे आम्हा बालशल्यचिकित्सकांकडून मनापासून आभार.

तोंडातून सारखा फेस येतोय हे पाहून तुम्ही दूध थांबवता. नाहीतर ते फुप्फुसात जातं. तोंडातून पोटाकडे १० नंबरची जाड नळी घालता, ती १० सेंमीच्या आसपास अडते आणि निदान तिथेच होतं. (बारीक नळी अन्ननलिकेच्या वरच्या बंद भागात वेटोळं घालते, पोटात गेल्याचा भास होतो. जाड नळी घेणं हीच खरी अक्कल!) डोकं ३० अंश उंच, दर १०-१५ मिनिटांनी लाळ ओढणं, व्हिटॅमिन के दिल्याची नोंद, सोबत आईच्या रक्ताचा नमुना. आमचे निवासी डॉक्टर तुमच्या चिठ्ठ्या वाचूनच चिठ्ठी कशी लिहावी ते शिकतात.

आणि मे महिन्यात, विदर्भाच्या उन्हात, गाडीचा एसी बंद ठेवून घामाघूम होणारे तुम्ही! थंड पडलेल्या बाळाला भूल देणं धोक्याचं असतं, म्हणून टोपी-मोजेही विसरत नाही.

एक विनंती: चिठ्ठीवर स्वतःचं नाव आणि फोन नंबर लिहा, म्हणजे बाळ दूध प्यायला लागलं की कळवता येईल.