‘मध्य महाराष्ट्रात धो धो’ म्हणजे नक्की कुठं?

मा. संपादक,
स.न.

कालच्या अंकात पहिल्याच पानावर ‘मध्य महाराष्ट्रात धो धो’ वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. फोटो महाबळेश्वरचा, आकडे घाटमाथ्याचे, आणि इकडं सोलापुरात रस्त्यावरची धूळ पण बसलेली नाही. हवामान खात्याचा मध्य महाराष्ट्र म्हणजे नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत दहा जिल्हे, त्यात सोलापूर येतं, मान्य. पण महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पडतो आणि आमच्याकडं ७०० झाला तरी लोक साल चांगलं गेलं म्हणतात, त्यातला पण बराचसा सप्टेंबरात. बार्शीहून धाराशिव तासाभरावर, तीच जमीन, तेच ढग, तरी धाराशिवचा अंदाज मराठवाड्यात आणि बार्शीचा कोल्हापूरसोबत. खात्याचं खात्यापाशी, तुम्ही तरी हेडिंगमधे जिल्ह्याचं नाव टाका की.

माझा धाकटा भाऊ वैरागजवळ शेती करतो. मागं एकदा जूनमधे असंच हेडिंग गावात सगळ्यांनी वाचलं, एक सर येऊन गेलेली होतीच, लोकांनी धरलं की आता लागून पडणार आणि सोयाबीन टाकलं. पुढं कितीतरी दिवस नुसता वारा. निम्मं उगवलंच नाही, उगवलं ते करपलं. सोसायटीचं कर्ज आधीच उचललेलं, त्यामुळं दुबार पेरणीचं बियाणं-खत दुकानातनं उधारीवर, आणि ती उधारी सोयाबीन विकल्यावर व्याजासकट वळती झाली. घरात काय उरलं ते मी बघितलंय.

आमच्याकडं पूर येतो तो पण आमच्या पावसाचा नसतो. पाऊस मावळात आणि भीमाशंकरकडं पडतो, पुण्याची धरणं भरतात, दौंडचा विसर्ग, म्हणजे तिथून भीमेतनं उजनी धरणात येणारं पाणी, वाढतो, मग उजनी, मग पंढरपूर. म्हणून भीमाकाठचा माणूस पावसाळ्यात आभाळापेक्षा दौंडचा आकडा जास्त बघतो. चंद्रभागेचं वाळवंट पाण्याखाली असताना सांगोल्यात कुठंतरी टँकरची वाट बघत असतात. रोज तालुकावार पाऊस आणि दौंडचा विसर्ग एका चौकटीत छापा, शेतकरी कापून ठेवतील.

आणि उजनीचा विषय निघालाच आहे तर, ११७ टीएमसीचं धरण भरलं की जलपूजनाचा फोटो तुम्ही अर्ध्या पानावर छापता, त्याच दिवशी आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी आलेलं असतं, ते पण रात्री दोनला, आणि मोटर लावली तरी वरच्या मजल्यावर चढत नाही. त्या फोटोशेजारी शहरात कुठल्या भागात किती दिवसांनी पाणी आलं ते पण द्या.

– एक वाचक, जुळे सोलापूर