विमान 14 चं, निघायचं 13 ला

ती. आई-बाबांस, सा. नमस्कार.

तिकिटं काढली. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, कळतंय मला, रागावू नका. मध्ये सव्वाचार तास थांबावं लागेल. सव्वा तासाच्या अंतराने सुटणारं विमानही होतं, पण पहिलं अर्धा तास जरी लांबलं असतं तरी तपासणीची रांग आणि पुढचं गेट, बाबांच्या गुडघ्यांना ती धावपळ झेपली नसती. व्हीलचेअर सांगून ठेवलीय. बाबा, नाही म्हणायचं नाही.

तिकिटावर 14 तारीख, 00:40 आहे. म्हणजे 13 लाच रात्री लवकर जेवून निघायचं. 14 च्या रात्री गेलात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल! 00:40 ही विमान गेटवरून हलण्याची वेळ. गेट साधारण 15-20 मिनिटं आधी बंद होतं, सामानाचं काउंटर तासभर आधी. म्हणून साडेनऊला पोहोचाच. हलल्यावर विमान उड्डाणाच्या रांगेत थांबेल. आई, घाबरू नकोस, तो बिघाड नसतो.

प्रत्येक वेळ त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाची असते. पहिलं विमान 02:55 ला पोहोचतं, म्हणून प्रवास सव्वादोन तासांचा समजू नका. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणजे खरे पावणेचार तास. दुसरं 07:10 ला सुटून इथे 11:30 ला येतं. इथलं घड्याळ आणखी तीन तास मागे, म्हणजे सात तास वीस मिनिटं. थांबण्याचा वेळ मात्र सरळ वजाबाकीने काढा, दोन्ही वेळा एकाच विमानतळाच्या आहेत.

बाबा, लहानपणी माझ्या मनगटावर पेनाने घड्याळ काढून द्यायचात ना? आता तुमचं घड्याळ माझ्यासाठी घरच्या वेळेवरच ठेवा. फोन उतरल्यावर आपोआप बदलेल, त्यावर गोळ्या घेऊ नका. आईची सकाळी आठची गोळी मधल्या थांब्यात येते. तेव्हा तिथल्या भिंतीवर साडेसहा असतील. आई, तरीही घे. डबी हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत मुळीच नको.

परतीच्या तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेपुढे +1 आहे, म्हणजे दुसऱ्या दिवशीची तारीख. घ्यायला येणाऱ्या काकाला तीच सांगा.

11:30 ला विमान गेटला लागेल. पुढे पासपोर्ट, बॅगा यात तास-दीड तास जाईल. घाई करू नका, फोन लागला नाही तरी चालेल. मी अकरापासून बाहेर कठड्याशी उभी असेन.

तुमची,
छकुली